शुक्रवारची धावड्याची बैठक

भोकरदन
१६ सप्टेंबर २०२५

ती. अप्पांस,
प्रीतीचा सप्रेम जय भीम.

गुडघा कसा आहे? पट्टा लावायचा कंटाळा करता, असं आई सांगत होती. माझं इकडे बरं चाललंय. खोलीचा नळ दुरुस्त झाला, डबाही चांगला मिळतो. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तुमचं उत्तर तयार असतं, म्हणून.

काल धावड्याला गेले होते. शिवणवर्ग दिवाळीपासून बंद होणार, हे तिथल्या बायकांना मी मागच्या महिन्यातच सांगितलं होतं. देणगीदारांनी हात आखडता घेतला, दुसरं कोणी मिळालं नाही. संस्थेच्या त्या ठरावावर तुमचीही सही आहे. तेव्हा बायका चिडल्या, रडल्या, पण शेवटी त्यांनी समजून घेतलं. काल बघते तर सगळ्या खुशीत. द्वारकाबाईंनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, "अप्पा येऊन गेले की. वर्ग चालूच राह्यतो म्हणले. तू न्हाई म्हणून राह्यलीस, ते हाव म्हणतेत. मंग आमी ऐकावं कोणाचं?"

राग आला, अप्पा. फार आला.

पुढचं ऐका. वर्ग शिकवणाऱ्या अर्पिताला जालन्याच्या एका कारखान्यात शिलाईचं काम मिळालं होतं. तुमच्या शब्दावर तिनं ते सोडलं. "अप्पा कशाला खोटं बोलतील, ताई?" एवढंच म्हणाली. तुम्ही खोटं बोलला नाहीत, हे मला माहीत आहे. तुम्हाला समोरच्याचा उतरलेला चेहरा बघवत नाही.

बैठकीत आधी ऐकायचं, मागे बसलेल्या बाईला बोलतं करायचं, न झालेलं काम अहवालात लिहायचं नाही, हे सगळं मी तुमच्या मोटारसायकलवर मागे बसून गावोगाव हिंडताना शिकले. नाही म्हणायला तेवढं तुम्ही शिकवलं नाहीत. संस्था माझ्या हाती देताना भाषणात म्हणालात, आता पोरगी सांभाळेल. पण अजून मी काही बोलले की बायका तुमच्याकडे बघतात. तुम्ही मान हलवली की मगच त्यांना पटतं.

शुक्रवारी पुन्हा बैठक घेतेय. वर्ग बंदच होणार, हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. अर्पितासाठी आज जालन्याला जाऊन कारखान्यात स्वतः विचारून आले, घरी न येताच परतले. जागा भरली म्हणाले. तेही तिला मलाच सांगायचंय.

तुम्ही शुक्रवारी येऊ नका. त्यानंतरही मी बोलावल्याशिवाय कोणत्याच बैठकीला येऊ नका. हे वाक्य लिहून खोडलं, परत लिहिलं. बायका विचारतील, अप्पा का नाही आले? गुडघ्याचं कारण मी सांगणार नाही. मीच येऊ नका म्हणाले, असं सांगेन.

बैठक झाली की थेट जालन्याला घरी येते. बोलू नका हवं तर, पण जेवायला माझ्यासाठी थांबा.

तुमचीच, अजूनही तुमचीच,
प्रीती