चोरीचा प्रयोग

८ जुलै १९४६, सोमवार
ठराव: यंदापासून मानसशास्त्राच्या पहिल्या वर्गाला नोट्स सांगणे बंद. बारा वर्षं एकच वही वाचतो आहे. मुलांकडे थोरल्या भावांच्या प्रती असतात. गेल्या साली मी विनोदावर यायच्या आधीच वर्ग हसून मोकळा झाला. आता सगळं प्रयोगातून. प्रिन्सिपॉलांना विचारलेलं नाही. विचारलं की कमिटी बसते.

११ जुलै
योजना पक्की. चपराशी पुंजाजी भर तासात येणार, टेबलावरचं माझं घड्याळ उचलून जाणार, तासानंतर परत देणार. मग प्रत्येकाने पाहिलं ते लिहायचं. एकवीस मुलं, एकवीस हकिकती. डोळ्यांवर किती भरवसा ठेवावा ते आपोआप कळेल. पुंजाजी कुरकुरला. म्हणे, "पाहा बरं साहेब, नौकरीचा सवाल हाय." त्याला धीर दिला. शास्त्राला धीर लागतो.

१२ जुलै, दुपार
प्रयोग उत्तम. निकाल विचित्र. एकवीसही हकिकती शब्दन् शब्द सारख्या: 'पुंजाजीने घड्याळ चोरले व खिडकीतून उडी मारून तो पळाला.' खिडकीला गज आहेत. चौकशी केली. वर्गातला जहांगीर शांतपणे म्हणाला, "सर, तुम्ही काही सांगितलं नाही, मग शालिग्रामनं सांगितलं. आम्ही उतरवून घेतलं." शालिग्राम पुढच्या बाकावर बसतो, त्याचं अक्षरही चांगलं. तेवढ्यात घंटा झाली. उलगडा सोमवारी करू. कागद टेबलावरच राहिले.

१३ जुलै
कागद प्रिन्सिपॉलांच्या हाती पडले. पुंजाजी सस्पेंड. तो एकच म्हणत होता म्हणे, "साहेबाले विचारा." मला बोलावणं आलं होतं. डोकं दुखतंय असा निरोप धाडला. संध्याकाळी खरोखरच दुखलं, म्हणजे खोटं बोललो असं नाही.

१५ जुलै
व्हरांड्यात प्रिन्सिपॉल भेटले. सांगणारच होतो. पण त्यांनी आधी माझ्या वर्गाच्या शिस्तीचं कौतुक केलं, एकाही मुलाच्या जबानीत फरक नाही म्हणाले. कौतुकाच्या मध्ये बोलणं बरं दिसत नाही. याच महिन्यात व्हाइस-प्रिन्सिपॉलची नेमणूक व्हायची आहे. तिचा याच्याशी काही संबंध नाही. वर्गातही उलगडा केला नाही. घाईने निष्कर्ष काढणं अशास्त्रीय.

घरी बायको कोकिळा म्हणाली, "सांगून काऊन नाही टाकत तुम्ही?" तिला शास्त्रीय पद्धत समजावली. तिने वाढायचं थांबवलं.

१७ जुलै
बाजारात पुंजाजीची बायको रुख्मिणी समोर आली. भांडली असती तर बरं झालं असतं. पदर सावरून तिनं विचारलं, "साहेब, तुमचा परयोग कदी सरते?" दोन दिवसांत, असं सांगितलं. भाजी न घेताच परतलो.

१९ जुलै
सांगितलं. प्रिन्सिपॉल हसले. "तुम्ही फार मऊ मनाचे. गरिबासाठी स्वतःवर घेताय." घड्याळ खिशातून काढून दाखवलं, तर म्हणाले, भिऊन परत केलं असेल. गज दाखवले. ते म्हणाले, नंतर बसवले असतील. एकवीस पोरं खोटं कशाला लिहितील? शेवटी वैतागून म्हणाले, "मग लिहून सही करा. कमिटीपुढे ठेवतो. नेमणुकीचं मात्र विसरा." मजकुराचा विचार करायला वेळ मागून घेतला.

२० जुलै, दुपार
चार खर्डे झाले. पहिल्या तिन्हींत कारण होतं, चौथ्यात नुसतं कृत्य. चौथा दिला. धैर्य म्हणावं तर प्रिन्सिपॉलांच्या दारातून दोनदा परत फिरलो होतो.

२४ जुलै
पुंजाजी कामावर रुजू. तासाच्या वेळी खडू घेऊन आला, पण उंबऱ्यावरच थांबला. आत ये म्हटलं. त्यानं आधी मुलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

म्हणाला, "नाही साहेब. आत पाहणारे लई हायेत, अन् सांगणारे तुमी एकलेच. तुमाले बी आठ दिवस लागते."

खडू उंबऱ्यावर ठेवून गेला. एकवीसही मुलं पाहत होती. वाकून मीच उचलला.