ऐंशीची अट

ती. सौ. ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे म्हणून उभ्यानेच केला, उरलेला समजून घे.) भावजींनाही सांग. तुमचा पूल, पुलाखालची नदी आणि तुमच्या पत्र्याच्या खोलीत शिरणारे बेडूक सगळे ठणठणीत असतील अशी आशा आहे. इकडे सर्व क्षेम, निदान या वाक्यापुरतं तरी. फोनवर तुझं प्रत्येक तिसरं वाक्य वारा घेऊन जातो आणि जी दोन ऐकू येतात त्यांतलं एक "तपासलं का?" असतं, म्हणून पत्राचा घाट घातला. तुमच्या पुलाचे बोल्ट घेऊन येणारा ट्रकवाला उद्या संध्याकाळी निघतो आहे. तो खोकल्याचं औषध माझ्याकडून नेतो, त्यामुळे पत्र नाही न्यायचं म्हणायची त्याची छाती नाही.

तर विषय तुझ्या लेकीचा. पुलाच्या बांधकामावर भावजींसोबत जाताना भिंगरीला माझ्या दारात उभी करून तू म्हणाली होतीस, हिला सगळं येतं, फक्त निष्काळजीपणाने गुण घालवते, तेवढं बघ. "तेवढं बघ" हे शब्द तू असे टाकलेस, जसं दूध उतू जाणार नाही एवढं बघायचं आहे. वर अट घातलीस, वार्षिक परीक्षेत गणितात ऐंशी किंवा वर गुण पडले तर सुट्टीत पुलावर, नाही तर इथेच राहून मावशीकडे उजळणी. (म्हणजे तिला शिक्षा म्हणून मी. वाईट वाटलं नाही, फक्त नोंद करून ठेवली.) बावीस वर्षं औषधाच्या काउंटरवर उभी राहून एकालाही चुकीची गोळी न दिलेली बहीण घरात असताना सातवीतल्या पोरीच्या चुका म्हणजे किस झाड की पत्ती, असं मलाही वाटलं होतं. तुझ्या स्वतःच्या दहावीच्या गणिताची आठवण मला त्याच वेळी झाली, पण तो विषय आत्ता नको.

आमच्या धंद्यात पहिला नियम असा की डब्यावरची चिठ्ठी तीनदा वाचायची. फळीवरून काढताना एकदा, गिऱ्हाइकाच्या हातात देताना एकदा आणि डबा परत ठेवताना एकदा. हा नियम मी भिंगरीला चहाच्या टेबलावर, चष्मा वगैरे लावून समजावला. तिने तो इतका मनावर घेतला की पहिल्या शनिवारच्या चाचणीत प्रत्येक प्रश्न तीनदा वाचला, प्रत्येक उत्तर तीनदा वाचलं आणि घंटा झाली तेव्हा शेवटचे दोन प्रश्न तिने एकदाही वाचलेले नव्हते. पंचविसात सतरा. तू फोनवर म्हणालीस की हळू आहे, वेग वाढव. आधी म्हणाली होतीस की घाई करते. (दोन्ही वाक्यं मला स्पष्ट ऐकू आली, वारा नेमका तेव्हा पडला होता.)

दुसऱ्या शनिवारी मी नवं शस्त्र काढलं. माल मोजताना आम्ही गोळ्यांच्या प्रत्येक पट्टीवर बोट ठेवून आकडा पुटपुटतो, त्याने डोळा आणि हात एका ठिकाणी राहतात. भिंगरीने परीक्षेत तेच केलं. तिची बोटं कागदावर आणि पुटपुटणं मागच्या बाकापर्यंत. एका सभागृहात किती खुर्च्या उरल्या असा प्रश्न होता, भिंगरीचं उत्तर सतरा आलं, ते चूक होतं, आणि तिच्या रांगेतल्या सहाच्या सहा मुलांच्या वहीत सभागृहात सतराच खुर्च्या उरल्या. वर्गबाईंनी मला बोलावून घेतलं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून छोट्या बाकावर गुडघे दुमडून बसले आणि ऐकून घेतलं. बाईंचं म्हणणं असं की नक्कल करणारी मुलं त्यांनी पुष्कळ पाहिली, पण स्वतःहून प्रक्षेपण करणारी ही पहिलीच. गुण पंधरा आणि जागा यापुढे दाराजवळ, एकटी.

एवढ्यावर शहाणी बाई थांबली असती. मी मात्र हट्टाला पेटले. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं एकेक औषध तपासून झालं की आम्ही त्याच्यापुढे एक टिंब देतो. टिंब दिलं म्हणजे तपासलं, नाही दिलं म्हणजे बाकी आहे, इतकी सोपी गोष्ट. भिंगरीला म्हटलं, पुटपुटू नकोस, तीनदा वाचू नकोस, नुसतं टिंब देत जा. गुणी पोर आहे गं ती, सांगितलेलं सगळं करते, तीच तर पंचाईत आहे. तिने प्रत्येक आकडा तपासला आणि प्रत्येक आकड्यानंतर टिंब दिलं. वडिलांचं वय ४.८ वर्षं आणि मुलाचं १.२. शेताची लांबी तीनशे साठ मीटर होती, तिच्यात दोन टिंबं पडल्यावर ती लांबी आहे की टेलिफोनचा नंबर हे बाईंनाही कळेना. पंचविसात अकरा. शेऱ्यात फक्त मोठं प्रश्नचिन्ह होतं आणि त्याच्याखालीही टिंब, पण ते बाईंचं.

त्या सोमवारी माझं डोकं टिंबांतच होतं. आमच्याकडे एक निवृत्त गणिताचे मास्तर गुडघ्याचं मलम न्यायला येतात, त्यांना मी गुडघेवाले गुरुजी म्हणते (पाठीमागे). त्यांना मी तीनदा न वाचता, टिंब न देता, फळीवरची भलतीच ट्यूब दिली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. दोन दिवसांनी ते काठी टेकत आले, ट्यूब काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "बाई, गुडघा होता तसाच आहे, पण खाज मात्र अजिबात नाही." ते खाजेचं मलम होतं. सुदैवाने गुडघ्याला काही झालं नाही, माझ्या पायाखालची जमीन मात्र सरकली. मी हात जोडून माफी मागितली, योग्य ट्यूब दिली आणि मग, कधी नव्हे ते, काउंटरवर बसून भिंगरीचं सगळं रामायण त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, चाळीस वर्षं वह्या तपासल्या, निष्काळजी पोर एकही पाहिलं नाही. काळजी असतेच, फक्त ती पेपरावर नसून दुसरीकडे कुठेतरी असते. ती कुठे आहे ते आधी बघा, टिंबं मग द्या. पेपरावर शोधायचं असेल तर कच्चं काम बघा म्हणाले, पोरं तिथे खोटं बोलत नाहीत.

घरी जाऊन मी तिन्ही चाचण्यांचे कागद काढले. तू पाहिले आहेस का कधी ते समास? मीही पाहिले नव्हते, गुणांचा आकडा पाहिला की आपलं काम झालं. पहिल्या पेपराच्या समासात अडतीस लिहून त्याभोवती गोल, आणि खाली अडतीस गुणिले चोवीस, नऊशे बारा. दुसऱ्यावर एकतीस, सातशे चव्वेचाळीस. तिसऱ्यावर चोवीस गुणिले चोवीस, पाचशे शहात्तर. एकही टिंब नाही, खाडाखोड नाही, तिन्ही गुणाकार बिनचूक. मला आधी अर्थ लागेना. मग दर आठवड्याला सात कमी होतात हे लक्षात आलं आणि कॅलेंडरवर बोट ठेवून मोजत गेले (पुटपुटत), तर बोट सुट्टीच्या मंगळवारी थांबलं. ताई, ती पुलावर यायला किती तास उरले ते मोजत होती. शेताची लांबी आणि सभागृहातल्या खुर्च्या मधे लुडबुड करत होत्या म्हणून तिने कशातरी उरकल्या. तिच्या पलंगाखाली हात घातला तर बॅग भरून तयार, वर बेडकांसाठी झाकणाला भोकं पाडलेली एक बरणी. मी बॅग होती तशी आत सरकवली आणि बराच वेळ स्वयंपाकघरात भांडी नसताना नळ सोडून उभी राहिले.

वार्षिक परीक्षेच्या सकाळी तिला एकच गोष्ट सांगितली. पेपर हातात आला की आधी समासात तुझा आकडा लिही, तास काढ, गोल कर, आणि मग म्हण, आता तुझं काम झालं, गप बस. तिने माझ्याकडे चोरी पकडल्यासारखं पाहिलं आणि मान डोलावली. त्या दिवशी चौदा होते, म्हणजे तीनशे छत्तीस. आज, गुरुवारी, निकालाची चिठ्ठी आली. शंभरात एक्याऐंशी! तू तिकडे आणि मी इकडे एकदमच सुटकेचा श्वास सोडू, म्हणजे वाऱ्याला काहीतरी काम मिळेल. मंगळवारच्या गाडीने तिला पाठवते. बरणीची तयारी ठेवा.

भावजींना नमस्कार, बेडकांना नाही.

तुझी,
धाकटी

ता.क. हे पत्र काल संध्याकाळी लिहून पाकिटात घातलं होतं, आज शुक्रवारी पुन्हा फोडलं. आज शाळेत मुलांना तपासलेले पेपर बघायला दिले. भिंगरीने पूर्ण पेपर वाचला आणि तिच्या लक्षात आलं की चौथ्या प्रश्नाचे तीन गुण बाईंनी बेरजेत दोनदा धरले आहेत. खरी बेरीज अठ्ठ्याहत्तर. तिने उठून बाईंना दाखवलं. बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, एक्याऐंशी खोडून अठ्ठ्याहत्तर केले आणि शेजारी "अत्यंत काळजीपूर्वक" असा शेरा लिहिला. मी विचारलं, अगं, तुला ऐंशीची अट माहीत होती ना? तर म्हणाली, "मावशी, तूच सांगितलंस ना, परत ठेवतानाही वाचायचं." घरी येऊन तिने बॅग रिकामी केली आणि एकेक कपडा घडी घालून कपाटात ठेवला. रडली नाही. मला मात्र फार वाईट वाटलं, आणि त्यातलं थोडं तुझ्यावर रागावून वाटलं.

ता.क. २. तेव्हा आता मुद्द्याचं. तुझ्या अटीप्रमाणे ती नापास आहे आणि तू शब्दाची पक्की आहेस, हे मला ठाऊक आहे. पण तुझ्या अटीत निष्काळजीपणा जावा असं होतं, आणि तो गेला, म्हणून तर दोन गुण कमी पडले. अट मागे घे. पुलाला दोन गुण कमी असलेली एक पोर पेलेल. नाहीच घेतलीस, तर दहावीच्या गणितात पेपराचं शेवटचं पान उलटायचं राहून गेलेली आणि तीन दिवस माळ्यावर लपून बसलेली मुलगी कोण, हे मी भिंगरीला सांगेन. तुला ताटलीतून लाडू मीच वर पोचवत होते, साक्षीदार शोधायला नको. एक विनंती आणखी, फोनवर पहिलं वाक्य "तपासलं का?" नको. "कधी येतेस?" चालेल.

ता.क. ३. तुझं उत्तर ट्रकवाल्यासोबत येईपर्यंत मंगळवार उलटून जाईल, म्हणून सांगून ठेवते की तिकीट काढलेलंच आहे. तिसऱ्या चाचणीनंतर, समासातले ते आकडे पाहिले त्याच दिवशी, अकरा गुणांच्या भरवशावर काढलं. आत्ता पाकीट बंद करण्याआधी ते तिकीट तीनदा वाचलं तर लक्षात आलं की एकाऐवजी दोन काढली गेली आहेत आणि दुसऱ्यावर माझं नाव आहे. निष्काळजीपणा, दुसरं काय. बावीस वर्षांत दुसरी चूक. कपडे पुन्हा बॅगेत भरायला सांगते आहे. अंथरुणं दोन घाल.