ब्रॅडवेल हाउसच्या जिन्यावरचा हात

मी, अ‍ॅल्डन होरेशियो ब्रॅडवेल, वय वर्षे चौऱ्याऐंशी, धंदा आजोबांच्या पैशावर जगणे, राहणार रॉचेस्टर, न्यूयॉर्क राज्य, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. गुडघे गेले, डावा कान गेला, पण डोके ठिकाणावर आहे. पुतण्या प्रेस्टन याला तसे वाटत नसल्यास सोबतचा दाखला पाहावा. मुद्दाम त्याच्याच डॉक्टरांचा घेतला आहे. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. ज्या घरात मी जन्मलो ते ब्रॅडवेल हाउस मी कोणालाही देत नाही, कारण ते माझे नाही. कर वाचावा म्हणून वडिलांनी ते फोटोग्राफीच्या संग्रहालयाला दान केले आणि दारावर दानशूर म्हणून स्वतःचे नाव कोरून घेतले. तेव्हापासून मी तिथे तिकीट काढून जातो. मला गोवर आला होता त्या खोलीत आता भिंगे मांडली आहेत. मागे जेवणघरात जरा टेकलो तर रखवालदार म्हणाला, "आजोबा, उठा, खुर्ची ऐतिहासिक आहे."

"मीही आहे," मी म्हणालो.

"असाल. तरी उठा."

कलम २. माझे राहते घर व तळ्यावरची होडी प्रेस्टनला मिळावी. आजोबांचे मोठे तैलचित्रही त्यालाच मिळावे. मात्र ते त्याने जेवणाच्या टेबलासमोर, स्वतःच्या खुर्चीवरून नीट दिसेल असे लावले पाहिजे. ही शिक्षा नाही, असे लिहायला माझ्या वकिलांनी सांगितले आहे.

कलम ३. उरलेली रोकड व आजोबांचे कॅमेरे संग्रहालयाला द्यावेत, पण कलम ४ मधली अट पाळली तरच. अट का, ते आधी सांगतो.

आजोबांचा भिंगांचा कारखाना होता. फोटो ते शेवटपर्यंत काचेवर घेत, आणि काचेवर चित्र उमटेपर्यंत कोणी पापणीही हलवायची नाही. मुले हलतात. म्हणून आमच्या घरची रीत अशी, की मुलामागे नोकर उभा करायचा, त्याने मुलाला घट्ट धरायचे, आणि कागदावर उतरवताना नोकर कापून टाकायचा. त्यामुळे आम्ही सगळी ब्रॅडवेल मुले उपजत शहाणी दिसतो. जिन्यावरच्या माझ्या फोटोतून मला सांभाळणारी नोरा कीगन अशीच कापली गेली. राहिला फक्त माझ्या खांद्यावरचा तिचा हात, कारण तो कापायचा तर ब्रॅडवेलांचा खांदा कापावा लागला असता, आणि तेवढी छाती कोणाची नव्हती.

हा फोटो आज त्याच जिन्याच्या भिंतीवर आहे. खाली लिहिले आहे: 'घराण्याचा वारस, अज्ञात हातासह'. दुकानात त्याचे कपही मिळतात.

गेल्या वसंतात मी नोराची मुलगी आयलीन हिला तिथे घेऊन गेलो. ती जिन्याच्या बरोबर मधून चढली. म्हणाली, "लहानपणी इथे पाय ठेवला असता तर आईची नोकरी गेली असती. आता तिकीट काढलंय."

माहिती सांगणारी मुलगी फोटोपाशी थांबली आणि हा हात म्हणजे आईच्या मायेचं प्रतीक, असे म्हणाली. माझी आई त्या हिवाळ्यात फ्लोरिडाला होती. त्याच्या पुढच्याही.

"अगं पोरी, प्रतीक कसलं!" आयलीन म्हणाली. "ही माझी आई. अंगठ्यावरचा डाग बघ. या साहेबांच्या कॉलरी इस्त्री करताना भाजलाय."

आम्ही संचालिका डॉ. सेल्बी यांच्याकडे गेलो. मूळ काच माझ्याकडे आहे, हे मी सांगितले. संग्रहालयानेच ती 'बिघडलेली' म्हणून परत केली होती. तीत नोरा पूर्ण आहे. मी हलू नये म्हणून ती माझ्या कानात बटलरची नक्कल करत होती, आणि शेवटी तीच हसली. त्या घरातल्या शेकडो फोटोंत हसणारे माणूस तेवढे एकच.

"फारच हृद्य," डॉ. सेल्बी म्हणाल्या. "पण ब्रॅडवेलसाहेब, लोक त्या हाताच्या गूढासाठी येतात. नाव दिलं की गूढ संपलं."

"माझ्या आईला गूढ नव्हतं हो, बाई," आयलीन म्हणाली. "संधिवात होता."

बाहेर पडताना आयलीनने तो कप विकत घेतला. तरुणपणच्या आईचे तिच्याकडे दुसरे काहीच नव्हते. मला संताप आला. पुढच्याच आठवड्यात मी तिला पूर्ण फोटो छापून दिला. तो पाहून ती म्हणाली, "घरी मी बघीनच हो. पण तिथं आई लोकांनी बघायला हवी होती."

कलम ४. म्हणून ती काच मी आयलीन कीगन हिला कायमची देतो. संग्रहालयाला माझा पैसा हवा असल्यास डॉ. सेल्बी यांनी स्वतः तिच्या घरी जाऊन फोटोसाठी विनंती करावी, आणि तो पूर्ण, नोराच्या नावासह, जिन्यावर लावावा. आयलीनवर हो म्हणण्याचे बंधन नाही. वाटल्यास तिने त्यांना मागच्या दाराने बोलवावे. वर्षभरात हे न घडल्यास सर्व रक्कम भटक्या मांजरांच्या आश्रमाला जावी. मांजरांना गूढाची आवड नसते.

कलम ५. जिन्यावरची चौकट ऐतिहासिक आहे, ती बदलता येत नाही आणि पूर्ण फोटो तीत मावणार नाही, असे डॉ. सेल्बी यांनी मला आधीच कळवून ठेवले आहे. त्यासाठी ही माझी लेखी परवानगी: कात्री माझ्या बाजूने चालवावी. चेहरा गेला तरी चालेल. तिच्या हाताखाली खांदा तेवढा ठेवावा, म्हणजे तिने कोणाला तरी धरले होते, एवढे कळेल.

सही: अ‍ॅल्डन एच. ब्रॅडवेल

साक्षीदार:
१. थिओडोर व्हिपल, शेजारी
२. ग्रेस लिंडक्विस्ट, औषधांच्या दुकानातील

आयलीन लाभार्थी असल्याने तिची साक्ष चालत नाही. ती आत चहा करते आहे. तिला यातले काही माहीत नाही.

ठिकाण: रॉचेस्टर
दिनांक: १४ ऑक्टोबर २०१३