आईंची नवी गोळी

सोनकच्छ, बुधवार

ती. वन्संना अल्पनाचा नमस्कार.

आई ओल्या फरशीवर घसरल्या, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. फरशी कोरडी होती.

न्यूमोनियासाठी देवासला भरती होत्या तेव्हा त्यांचं बीपी फार चढलं होतं. म्हणून सुट्टी देताना जुन्या गोळीवर आणखी एक लिहून दिली. घरी आल्यापासून त्या म्हणायच्या, "अल्पना, उभी राहिले की अंधारी येते गं." मी म्हणायचे, "बड़े डॉक्टर ने लिखी है, आई, घ्या." चौथ्या सकाळी त्यांनी तोंडच मिटून घेतलं. मी रागावले, तेव्हा घेतली. तासाभराने दार उघडायला उठल्या आणि तिथेच कोसळल्या. खुबा मोडला. पुढचं तुम्ही पाहिलंच.

काल आपल्या जुन्या डॉक्टरांना देवासचा सुट्टीचा कागद दाखवला. ते म्हणाले, "बीमारी में तो बीपी बढ़ता ही है, ठीक होने पर उतर जाता है. घर आने के बाद किसी ने नापा नहीं?"

मी कागद घडी करून परत घेतला.

तेराव्याला सगळ्यांसमोर मला जवळ घेऊन तुम्ही म्हणालात, "हिने आईची एक गोळी चुकू दिली नाही." ते अगदी खरं आहे, वन्सं.

हे पत्र धारला पाठवायचं धैर्य माझ्यात नाही. तुम्ही मला पुन्हा जवळ घ्यावं, असं अजून वाटतं.

तुमची,
अल्पना