तीन मशिनं, एक डबा

३ मार्च. सकाळी ६.१०
आजपासून घरात शिस्त. ऑफिसनं भंगारात काढलेले तीन कॉम्प्युटर बैठकीच्या खोलीत शोकेसखाली सुखरूप बसले आहेत. प्रत्येकाच्या पोटात चार-चार व्हर्च्युअल मशिनं चालवणार. म्हणजे दिसायला तीन, असायला बारा. आता हवं सामायिक स्टोरेज. नेटवर्कवर एकच कोठार, सगळ्या मशिनांचा माल त्यात. एक कॉम्प्युटर मेला तर त्याचं काम दुसऱ्यानं उचलायचं, कोणाला पत्ताही लागू नये.
बायकोला समजावून सांगितलं. तिनं विचारलं, की या बारा मशिनांवर नक्की करणार काय. प्रश्न चांगला आहे. त्याचा विचार दुसऱ्या टप्प्यात.

५ मार्च
आराखडा आठ पानी झाला. चार डिस्क, दोन जोड्या. जोडीतल्या एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप उमटतं. ऑफिसच्या कॉम्प्युटर विभागातल्या चष्मेवाल्याला दाखवला. त्यानं पहिल्याच पानावर विचारलं, की बॅकअप कुठाय. म्हटलं, जोडी आहे की! तर म्हणाला, जोडी म्हणजे बॅकअप नव्हे, काका. माणूस हुशार आहे, पण स्वतःच्या घरी लॅब नाही. कोल्ह्याला द्राक्षं आंबट.
बॅकअप तिसऱ्या टप्प्यात घेतला आहे.

८ मार्च
स्टोरेज आलं. चपलांच्या कपाटावर बसवलं. काळं, देखणं, चार दिवे. बायको त्याला डबा म्हणते.
तिला डब्यांवर पट्ट्या चिकटवायची खोड आहे. साखर, मीठ, बटणं, सुतळी. डबा रिकामा असला तरी त्यावर ‘रिकामा’ अशी पट्टी असते. आज स्टोरेजवर ‘ह्यांचा डबा’ लावली. मी काढली. असल्या उपकरणांना पट्ट्या लावत नाहीत, असं सांगितलं. वर नको तर खाली लावते, म्हणाली. वाद वाढवला नाही.

सायं. ५.३०
स्टोरेजला कुलूप घातलं. बत्तीस अक्षरी पासवर्ड. तो दिल्याशिवाय आतलं अक्षरही कोणाला वाचता येणार नाही, चोरालासुद्धा नाही. माझा चष्मा सापडेना, म्हणून बायकोनं पासवर्ड लॅपटॉपवरून आधी कागदावर उतरवून घेतला, मग एकेक अक्षर सांगितलं. कागद तिच्यादेखत फाडला. पासवर्ड कागदावर ठेवणं म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवण्यातला प्रकार. पासवर्ड आता पासवर्डांच्या तिजोरीत. तिजोरी म्हणजे सहावं व्हर्च्युअल मशिन.
यानंतर बायको कात्री आणि पट्ट्यांचं रीळ घेऊन बाहेरच्या खोलीत खुडबुडत होती.

११ मार्च
लेकीचा प्रबंध. शहरातल्या चाळीस चांभारांच्या मुलाखती, अठरा महिन्यांचं काम. २४ तारखेला विद्यापीठात द्यायचा आहे. आज फर्मान काढलं, की पेनड्राइव्ह बंद, लॅपटॉपवर काही ठेवायचं नाही, प्रबंध स्टोरेजवर हलवायचा. प्रती वाढल्या की खरी कुठली आणि जुनी कुठली, हे कळेनासं होतं. ती म्हणाली, बाबा, नक्की ना? म्हटलं, तुझ्या बापाचं स्टोरेज आहे. तिनं आईकडे पाहिलं. आईनं भाजी निवडायला घेतली.
संध्याकाळी पाहिलं तर ‘प्रबंध अंतिम’ नावाची फाइल जागेवर हजर! खरं लिहायचं तर छाती भरून आली. बारावीनंतर पोरीनं माझ्याकडे पहिल्यांदाच काही सांभाळायला दिलं. फाइल उघडून पाहिली नाही. ॲडमिनला काही तत्त्वं असतात.

१७ मार्च
प्रात्यक्षिक. चालू मशिन न थांबवता एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर नेलं. एक्केचाळीस मिनिटं लागली. प्रेक्षक चौथ्या मिनिटापर्यंत होते.

२१ मार्च. सकाळी ७.०५
स्टोरेजचा छोटासा अपडेट आहे. पाच मिनिटांचं काम.

७.२०
स्टोरेज बंद होऊन पुन्हा चालू झालं. पासवर्ड मागतंय. तो तिजोरीत आहे.

७.२४
तिजोरी स्टोरेजवर आहे.

७.२५
चपलांच्या कपाटाशेजारी खाली बसलो. किल्ली कपाटात ठेवून कपाटाला कुलूप. घाबरायचं कारण नाही. पासवर्ड मीच ठरवला होता, आठवेल.

सायं. ६.००
आठवत नाही. सुरुवातीला कॅपिटल के होता, किंवा एच. दहा प्रयत्न चुकले की डबा तासभर तोंड बंद करतो. लेकीनं विचारलं, की बाबा, चेहरा का उतरलाय. ॲसिडिटी, म्हटलं. तिनं गोळी आणून दिली. ती मुकाट्यानं गिळली.

२२ मार्च
ऑफिसमध्ये चष्मेवाल्याला एका मित्राची अडचण म्हणून सांगितलं. तो म्हणाला, मित्राला सांगा, किल्ली नाही तर माल नाही. बॅकअप असेलच. म्हटलं, मित्राच्या तो तिसऱ्या टप्प्यात होता. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो मित्र नव्हेच, असं दाखवण्याचा पुरेपूर प्रयत्न केला.
घरी लेक दिवसभर खोलीत टाइप करत बसली आहे. फाइल एकदाही मागितली नाही. मागेल तेव्हा काय सांगू? डिस्क गरम झाली सांगावं, की नेटवर्क बिघडलं? दोन्ही खोटं आहे. विजेच्या कंपनीवरही ढकलता येईल, पण वीज गेलेलीच नाही.

२३ मार्च
तीनदा तिच्या दारापर्यंत गेलो. पहिल्यांदा ती फोनवर हसत होती. दुसऱ्यांदा तिनं मान वर केली, तर मी पंखा हवाय का, असं विचारून परत आलो. तिसऱ्यांदा दार लोटलेलं होतं. त्या चाळीस जणांतले तीन म्हातारे आता हयात नाहीत, हे तिनंच मागे सांगितलं होतं. म्हणजे त्यांचं बोलणंही गेलं. आणि ते कोणी घालवलं, तर मी, आठ पानी आराखडा करून.
जेवण गेलं नाही. डब्याचे चारही दिवे हिरवे आहेत. याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

२४ मार्च. सकाळी ७.४०
मुदत आज पाचची. ठरवलं, पाय धरायचे. गेलो तर पलंग आवरलेला, लेक घरात नाही. स्वयंपाकघरात बायकोला सगळं सांगून टाकलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिनं हात पुसले, बाहेर आली, डबा उचलून उलटा केला.
खाली पट्टी. बत्तीस अक्षरं, साखर-मिठाच्या वळणदार अक्षरात.
म्हणाली, तुम्ही कागद फाडलात तेव्हाच म्हटलं, हे काही खरं नाही. आता उघडा आणि आत काय आहे ते आधी बघा.
म्हणजे किल्ली पायपुसण्याखालीच होती. तीन दिवस तिच्यासमोर बसून मी डोकं खाजवत होतो.

८.१०
उघडलं. ‘प्रबंध अंतिम’ सहीसलामत! तत्त्व बाजूला ठेवून फाइल उघडली.
आत एकच परिच्छेद. ‘बाबा, प्रबंध माझ्या लॅपटॉपवर आहे, आणि दुसरी प्रत आईच्या बटणांच्या डब्यात पेनड्राइव्हवर. तुम्हाला नाही म्हणवेना, म्हणून ही फाइल ठेवली. रागावू नका.’

सायं. ६.१५
लेक प्रबंध देऊन आली. बांधीव प्रती कालच तयार होत्या. तिनं विचारलं, बाबा, ॲसिडिटी कशी आहे. बरी आहे, म्हटलं. पाणी प्यायलो.
तांत्रिक निष्कर्ष नोंदवून ठेवतो: नव्या स्टोरेजची चाचणी कायम खोट्या फाइलवर घ्यावी आणि खऱ्या मालाचा बॅकअप दोन ठिकाणी असावा. हे दोन्ही नियम या घरात काटेकोरपणे पाळले गेले आहेत. मी ते कोणाला शिकवल्याचं आठवत नाही.

सायं. ७.००
डब्यावर नवीन पट्टी दिसली. ‘रिकामा’.
काढली नाही.