लिपस्टिक लागलेले मास्क

प्रिय ताई,

वाकून नमस्कार, पण लांबूनच.

मी ठणठणीत आहे. इस्पितळातले वापरलेले मास्क माझ्या खोलीत येतात. ते कपाटात टांगून, औषधाची वाफ देऊन मी निर्जंतुक करतो आणि ज्याचे त्याला परत देतो. नवे मास्क फार थोडे आहेत. पावडर-लिपस्टिकच्या डागाखाली मात्र वाफ पोचत नाही, म्हणून डागाचा मास्क फेकून नवा द्यायचा असा नियम आहे. नियम आल्यापासून इथे सगळ्यांना नटायची भारी हौस आली आहे.

काल आमच्या मिशीवाल्या डॉक्टरांच्या मास्कवर लिपस्टिक निघाली.

"रंग खुलतो हो तुम्हाला," मी म्हणालो.

"बायकोची आहे," ते खाली बघत म्हणाले. "जुन्याचा पट्टा सैल झालाय, आणि घरी तान्हं बाळ आहे हो."

मी नवा काढून दिला.

आईचा खोकला गेला का? मी पोटभर जेवतो, एवढंच तिला सांग. माझ्याही मास्कचा पट्टा ढिला झालाय, ते नको सांगूस.

इथली दुकानं बंद आहेत. तुझी ती गडद लाल लिपस्टिक तेवढी पाठवून दे.

जन्मात कधी न नटलेला,
तुझा धाकटा