बरणीतलं गोडं पाणी

अण्णा,

तुम्ही गेल्यावर आता तुमच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेला तुमचं नाव देताहेत. उद्या कार्यक्रम आहे, मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. आई म्हणते, "चांगलंच बोल बाई. लई पोरं शिकवली त्यांनी." शिकवली, ते खरंच आहे.

कॉलेजची सहल समुद्रावर गेली तेव्हा तुम्ही मला सोबत नेलं होतंत. लाटा खडकावर दणादण आपटत होत्या आणि त्या खडकाला अंगठ्याएवढा एक मासा पोटाखालच्या वाटीनं चिकटून होता. चपट्या डोक्याचा, दगडाच्याच रंगाचा. लाट यायची, सगळं पांढरंफेक व्हायचं, लाट ओसरली की हा तिथंच. तुम्ही सुरीचं पातं कडेनं घालून त्याला उचकटलंत आणि लहान पोरासारखे हसलात. घरी तुम्हाला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. समुद्राच्या पाण्याचा कॅन मांडीवर धरून आपण गारखेड्याला घरी परतलो. बरणीत तो काचेला चिकटून बसला आणि शेजारपाजारचे बघायला येऊ लागले.

नळाला पाणी आलं त्या दिवशी आईनं सगळ्यांत आधी बरणी धुतली. आठवड्यानं आलेलं पाणी, आपल्या पिण्याआधी त्याला दिलं. संध्याकाळी तुम्ही दारात उभे आहात, मासा काचेवरून सुटून तळाशी उताणा पडलाय. आई म्हणतेय, "पाणी वास मारत होतं ओ. गोडं पाणी दिलं, जिवाला बरं वाटंल म्हणून." तुम्ही तिचे केस धरता. "समुद्राला नाय सुटला तो, अन् तू मारलास, अडाणी बाई!" तिचं डोकं हौदाच्या कडेवर, मग पुन्हा. बरणी भिंतीवर फुटते. मग कानाखाली, थांबतच नाही. मी तुमच्या दंडाला लोंबकळले, कडकडून चावले, तुम्ही मला झटकून टाकलंत. त्या हाताचे तुकडे करावेत असं तेव्हा वाटलं, आजही वाटतं. मासा खाऱ्या पाण्यातला आहे, पाणी बदलू नकोस, एवढं एक वाक्य तुम्ही घरात बोलला नव्हतात. वर्गात तासभर बोलायचात.

त्या संध्याकाळपासून आईला डाव्या कानानं ऐकू येत नाही. उद्या ती पहिल्या रांगेत बसणार आहे, साडी इस्त्री करून ठेवलीय. आत्ता ती मेथी निवडतेय आणि हे सगळं मी तिला हळू आवाजात वाचून दाखवलं. डाव्या बाजूला बसून. उजवीकडं बसायचा धीर झाला नाही.